मागाच्या खोलीतली अक्का

उभ्याने बोललेलं अक्काला चालत नसे. दारात कुणीही, काहीही सांगायला आलं, तरी ती आधी शेजारचं पोतं ओढायची, त्यावर तळहात थापटायची आणि म्हणायची, "बस आधी. बसून बोलू." मांडीवरच्या सुपातले तिचे हात मात्र थांबत नसत. पानावर चिमूटभर तंबाखू पडे, बिडी वळली जाई, तिला दोरा बांधला जाई, आणि समोरचा माणूस तोंड उघडेपर्यंत त्याचा निम्मा राग उतरलेला असे.

एकदा नळावरच्या भांडणाची चौकशी करायला हवालदार आला. दारावर काठी आपटत आला. अक्काने त्यालाही पोत्यावर बसवलं. थोड्या वेळाने मी समोरच्या ओसरीवर शिलाई मशीनवरून मान वर करून पाहिलं, तर हवालदारसाहेब टोपी मांडीवर ठेवून लेकीच्या सासरची गाऱ्हाणी सांगत होते. भांडणाचा विषय निघालाच नाही.

असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर असतं. ही मूळची पाथर्डीकडची. लग्नाआधी भावाबरोबर ऊसतोडीला हिंडलेली. नवरा नगरच्या आडतबाजारात हमाल होता, तो लवकर गेला. आमच्या तोफखाना भागात सगळी विणकरांची, तेलुगू बोलणाऱ्यांची वस्ती. तिथल्या बायकांनी तिला बिडी वळायला शिकवली आणि अक्का म्हणायला लागल्या. पुढे पाथर्डीहून येणारे पाहुणेसुद्धा अक्काचं घर विचारत यायचे.

आम्हीही विणकरच. पण गिरणीतल्या साड्या स्वस्त झाल्या, हातमागाची लुगडी कुणी घेईना. वडिलांनी माग विकले आणि मागाच्या खोलीला कुलूप लावलं. मी शिवणकाम शिकून ओसरीवर मशीन टाकली. वडील दिवसभर ओट्यावर बसत. कुणाशी फार बोलत नसत.

अक्का ज्या कारखान्यात बिड्या वळायची तो म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. बायका रांगांनी बसत. गप्पा, गाणी, भांडणं, सगळं तिथेच. मग बिडी कामगारांसाठी कायदा आला. कारखान्यात पाणी हवं, उजेड हवा, पोरांसाठी पाळणाघर हवं, पगारी रजा हवी. मालकाने त्यावर सोपी युक्ती काढली. कारखान्यालाच कुलूप ठोकलं. आता तुम्ही आमच्या कामगार नाही, असं बायकांना सांगण्यात आलं. काम हवं असेल तर ठेकेदाराकडून पान-तंबाखू घ्या, घरी बिड्या वळा आणि संध्याकाळी आणून द्या.

काहीजणींना बरंच वाटलं. घरी बसून काम, पोरंही डोळ्यांसमोर. "शेडीत आमी लई जणी हुतो," अक्का मात्र मला म्हणाली. "आता एकेकटी."

ती असं का म्हणाली ते पुढे सगळ्यांना कळलं. ठेकेदाराचा चेकर बिड्या तपासायचा आणि वाईट ठरवलेल्या बाजूला टाकायचा. त्याला छाट म्हणत. छाटीची मजुरी मिळत नसे. शेडमध्ये चेकरने जास्त छाट काढली की साऱ्या रांगा त्याच्यावर तुटून पडायच्या. आता माल द्यायला बाई ठेकेदाराच्या खिडकीशी एकटी उभी असायची. छाट वाढत गेली. त्या छाटीचीही बंडलं बांधून विकली जातात, हे साऱ्या तोफखान्याला माहीत होतं.

त्यातच बहात्तरचा दुष्काळ पडला. खेड्यांतून माणसं शहरात यायला लागली. ठेकेदार उघड म्हणायचा की तुमच्या जागी बसायला बायका रस्त्यावर उभ्या आहेत. अक्काचीही भावजय दोन पोरं घेऊन पाथर्डीहून आली आणि तिच्या एका खोलीत राहायला लागली. अक्काने तिला बिडी शिकवली. आपल्यातलंच पान-तंबाखू तिला द्यायची.

आमच्या शेजारच्या नरसव्वाची नुकतंच बाळंतपण झालेलं, अंगात ताप. तिच्या निम्म्याहून जास्त बिड्या चेकरने छाटीत टाकल्या. ती रडली, तर त्याने उद्यापासून पान मिळणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचं पान ठेकेदाराने दुसऱ्या बाईला दिलं. ती बाई म्हणजे अक्काची भावजय.

भावजय पानाची पेंडी घेऊन दारात आली तेव्हा नरसव्वा आत पोत्यावर बसली होती. मी समोरच होतो. आता काहीतरी पेटणार, असं वाटलं. अक्काने पोतं पसरून दोघींना शेजारी बसवलं. भावजय खाली मान घालून म्हणाली, "पोरांनी सकाळपासनं काय खाल्लं न्हाई, वन्सं." अक्काने त्या पेंडीचे दोन भाग केले आणि एकेक भाग दोघींच्या सुपात ठेवला.

त्याच दुपारी ती वडिलांकडे आली. ओट्यावर त्यांच्याशेजारी बसली. "अण्णा, मागाची खोली मोकळी हाय ना?"

वडिलांनी ती खोली कुणालाही उघडू दिली नव्हती, मलासुद्धा. ती कशाला हवी, असं त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, "एकत्र बसू. दुसरं काय न्हाई."

वडील उठले आणि किल्ली घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका त्या खोलीत बिड्या वळायला बसू लागल्या. माग जिथे होते त्या खड्ड्यांवर फळ्या टाकल्या. पोरं एका कोपऱ्यात झोपत. काही दिवसांनी वडील उंबऱ्यावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले. मध्येच थांबून तेलुगूत समजावून सांगत. वडिलांचा तो आवाज मी फार दिवसांनी ऐकत होतो.

संध्याकाळी बायका माल घेऊन एकदमच जायच्या. एक दिवस नरसव्वाही आपल्या वाट्याच्या पानांच्या बिड्या घेऊन खिडकीशी गेली. चेकरने पुन्हा तिची बंडलं बाजूला फेकली. अक्का पुढे झाली. आवाज न चढवता तिने विचारलं, "वाईट हायत ना? मग आमच्या देखत मोडा."

चेकर हसला. ठेकेदार बाहेर आला. छाट मोडायची नाही, ती कंपनीची, असं तो म्हणाला. अक्का तिथेच जमिनीवर बसली. "बसून बोलू," ती म्हणाली. मागोमाग सगळ्या बसल्या.

ज्यांना उद्या पान हवं असेल त्यांनी पुढे या, असं ठेकेदाराने सांगितलं. कुणी हललं नाही. मग भावजय उठली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. अक्काने मात्र वर पाहिलं नाही. भावजय खिडकीशी गेली, आपला सगळा माल तिने फळीवर ठेवला आणि म्हणाली, "आदी नरसव्वाच्या मोडा. मग माज्या बघा." आणि परत येऊन ती नरसव्वाशेजारी बसली.

पान बंद झालं. ते दिवस सोपे नव्हते. रेशनवर मिळणारा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, कुणालाच आवडत नसे, पण तोच सगळ्यांनी आणला. मागाच्या खोलीबाहेर एकच चूल मांडली आणि पोरं आधी, बाया मागून, असं जेवण व्हायचं. एकदोघींचे नवरे आरडाओरडा करत आले. अक्काने त्यांना पोत्यावर बसवलं, ताटली पुढे केली. मिलोची भाकरी चावता चावता भांडता येत नाही, असं ती मला नंतर हसत म्हणाली.

ठेकेदाराने दुसऱ्या बायका शोधल्या. पण चांगली बिडी वळायला हात तयार व्हावा लागतो, आणि कंपनीला माल हवा होता. शेवटी त्याचा माणूस मागाच्या खोलीत निरोप घेऊन आला. छाट इथून पुढे बाईच्या देखत मोडली जाईल, आणि पान सगळ्यांना मिळेल, नरसव्वालासुद्धा.

आणि मोडायचीच म्हटल्यावर छाट आपोआप कमी झाली. विकता येणारी बिडी कोण मोडणार?

कारखान्याचं कुलूप मात्र कधी निघालं नाही, हेही सांगायला हवं. पाळणाघर, रजा यांसाठी बायकांना पुढे पुष्कळ झगडावं लागलं. पण तेव्हा त्या मोर्चाला निघायच्या त्या मागाच्या खोलीतूनच.

पाऊस झाला तशी भावजय पोरं घेऊन गावाकडे निघाली. तिकडे अक्काचा भाऊ आजारी होता, शेत पेरायचं होतं. अक्काही तिच्याबरोबर गेली. मी तिचं गाठोडं पाथर्डीच्या एसटीत चढवून दिलं. येते म्हणाली होती, पण ती पुन्हा नगरला राहायला आली नाही. काही वर्षांनी ती वारल्याचं भावजयीनेच येऊन सांगितलं. त्या दिवशी खोलीत कुणी काम केलं नाही.

मला मात्र ती एसटीत बसून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. दाराजवळ चांगला उजेड येतो, तिथे अक्का बसायची. बायका आल्या, आपापल्या ठिकाणी बसल्या आणि ती जागा तशीच राहिली. थोड्या वेळाने नरसव्वा उठली. तिने आपलं सूप उचललं आणि दाराजवळ जाऊन बसली. मग तिच्या शेजारची पुढे सरकली, तिच्यामागची तिच्या जागी आली. अशी सगळी रांग एकेक जागा सरकली, आणि मागे भिंतीपाशी एक जागा मोकळी झाली.

दुपारी तिथे एक नवीन बाई येऊन बसली.