उसनं बोट

इस्त्रीताईचे हात कायम गरम. एकोणीस वर्षं धुलाईच्या दुकानात परक्यांचे शर्ट इस्त्री करून ते तसे झाले, असं तिची थोरली बहीण म्हणायची. साथ आली, दुकानाला कुलूप लागलं, आणि एका संस्थेने तिला गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल आणि बोटाला लावायचा चिमटा देऊन वस्तीतल्या साठ घरांवर नेमलं. दारोदार जायचं, माणसाचं बोट चिमट्यात धरायचं, की अंगातल्या ऑक्सिजनचा आकडा आपोआप मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये जाई. हाताने लिहायची सोय नव्हती. आकडा नव्वदच्या खाली गेला की माणूस लाल, आणि लाल माणसाला न्यायला गाडी. गाडी एकच. ज्याचा आकडा सगळ्यात खाली, तो आधी.

काम तिने जीव ओतून केलं, हे आधी ऐकून ठेवा, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिच्या नावाने बोटं मोडाल. ज्या दाराला शेजारी हात लावत नव्हते, त्या दारात ती फतकल मारून गप्पा मारत बसायची. साठ घरांतली साठ दुखणी तिला तोंडपाठ होती.

पण थंड बोटावर चिमटा आकडाच दाखवत नसे. नुसत्या दोन रेघा! आणि आकडा आल्याशिवाय फॉर्ममध्ये पुढचं घर उघडत नसे. ज्या शहाण्याने तो फॉर्म बनवला, त्याने जन्मात कधी भांडी घासणाऱ्या बाईचा हात धरला नसावा. मग बाकीच्या ताया करत तेच हीही करू लागली. आपलंच बोट घालायचं, सत्त्याण्णव आणायचे, पुढे चालायचं. संस्थेच्या साहेबांना सगळं ठाऊक होतं. "एका बोटासाठी साठ घरं अडवू नका, बाई," असं तेच सांगायचे. महिनाभरात वीसेक जणांच्या नावावर तिचं बोट चढलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग अक्काची पाळी आली. अक्का म्हणजे तीच थोरली बहीण. आई गेली तेव्हा इस्त्रीताई चार वर्षांची होती. अक्काने तिची वेणी घातली, तिला बदडलं, शाळेत पाठवलं, तिच्यापायी दोन स्थळं परतवली आणि ती दोन स्थळं जन्मभर ऐकवलीही. तीस वर्षं खाणावळीची भांडी घासून अक्काचे हात गारठून गेले होते. त्या सकाळी ती खोकत होती. इस्त्रीताईने तिचं बोट चोळलं, कोमट पाण्यात बुडवलं, काखेत धरलं. रेघाच.

"घाल तुझं मेलं बोट आणि चालती हो," अक्का खेकसली. "लोक वाट बघतायत आणि ही माझा हात कुरवाळत बसलीय. मी काय मरतेय?"

इस्त्रीताईने बोट घातलं. सत्त्याण्णव.

शेजारच्या घरात सुतारकाका तापाने पडले होते. त्यांचे अठ्ठ्याऐंशी आले. "संध्याकाळच्या गाडीत पहिला नंबर तुमचा," असं तिने काकूंना सांगितलं, आणि काकू टॉवेल, चष्मा, दाढीचं सामान पिशवीत भरायला लागल्या.

दुपारी तीनला अक्काचे ओठ निळे पडले. शिवीसुद्धा पुरी होईना, तेव्हा इस्त्रीताई हादरली. तिने कचेरीत फोन लावला.

"त्या हिरव्या आहेत, ताई," तिकडची मुलगी म्हणाली. "सकाळचे सत्त्याण्णव दिसतायत."

"अगं बाई, ते माझं बोट होतं!"

"मग खरा आकडा पाठवा ना. आकड्याशिवाय गाडीकडे नाव जातच नाही."

खरा आकडा! अक्काच्या बोटावर रेघा आणि हिच्या बोटावर पुन्हा सत्त्याण्णव. निरोगी बोटाचा आता काडीचा उपयोग नव्हता. ती तशीच अनवाणी सुतारकाकूंच्या दारात गेली आणि घडलं ते सगळं रडत सांगितलं.

"एवढंच ना? घे की," काकू म्हणाल्या. "बोटाने काय झिजतं माणूस?" त्यांनीच नवऱ्याचा हात उचलून पुढे धरला. काका धापा टाकत हसले. "करवतीतून वाचलेलं बोट आहे पोरी, जपून वापर."

चिमटा लागला. एक्क्याऐंशी. ते अक्काच्या नावावर गेले.

आता काकांच्या नावावरही तोच आकडा घालायचा होता. एक बटण दाबायचं, बस. पण दोघांचे आकडे सारखे झाले, तर सकाळपासून लाल असलेला माणूस आधी जाणार, हा नियम तिला पाठ होता. तिने चिमटा काढून खिशात घातला.

"ह्यांचं कसं आहे गं?" काकूंनी विचारलं.

"सकाळसारखंच," ती म्हणाली.

पाच वाजता गाडी आली. दवाखान्यात खाट एकच शिल्लक होती. अक्काला उचलून नेताना काकू पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. "उद्या पहिले तुम्हीच," गाडीवाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर आली, पण काका तिच्याही आधी गेले होते.

अक्का अठरा दिवसांनी दवाखान्याला शिव्या घालत घरी आली. आणि काकूंचं घर साठातलंच, तेव्हा इस्त्रीताईला रोज तिथे जावंच लागे. महिनाभर काकू काही बोलल्या नाहीत. एक दिवस बोट पुढे करता करता म्हणाल्या, "मला आकडे वाचता येतात गं. ह्यांची लाकडाची मापं मीच लिहून घ्यायचे. एक्क्याऐंशी मी पाहिले होते. पण तू सकाळसारखंच म्हणालीस. मला वाटलं, तुला यंत्रातलं जास्त कळतं."

इस्त्रीताईने चिमटा मागे घेतला.

"लाव ना चिमटा," काकू म्हणाल्या. "आज कुणाच्या नावावर घालतेस?"

तिने चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव आले. ते तिने काकूंच्याच नावावर घातले आणि पुढचं घर उघडलं.