समोरच्या खोलीतला पेपर

प्राचार्यांनी ताईच्या प्रवेश-अर्जावर सही केली आणि कागद बाबांच्या हातात देताना बघितलं मात्र माझ्याकडे. म्हणाले, "एक जरी तक्रार आली तरी मला विचार करावा लागेल. हिची जबाबदारी तुझी."

मी तेव्हा अठराची होते, ताई एकवीसची. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर तिच्या नावासमोर 'मतिमंद' असा शब्द होता. ती वाचायची, पण बोट ठेवून, हळूहळू. चार ओळी लिहायला तिला अख्खा तास लागायचा. बोलायला मात्र कधी अडायची नाही. दहावीला ती तीनदा बसली. जादा वेळ आणि लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते लिहून घेणारं माणूस, एवढ्या आधारावर पास झाली. बारावी तिने माझ्याबरोबरच काढली. मग बाबांनी ठरवलं की दोघींनाही गोंदियाच्या कॉलेजात घालायचं, बी.ए.ला.

बाबा तिरोड्याला एका राईस मिलमध्ये मशीनवर होते. विहारात कुणीतरी त्यांना विचारलं, "तिले कायले धाडून राहिले कॉलेजात? नापास होईल."

"झाली त झाली," बाबा म्हणाले. "घरी बसून कोन पास होते?"

बाबांना भीती वाटत नसे, कारण वर्गात ते नसत. मी असायचे. सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसल्यापासूनच मी धास्तावलेली असायचे. ताई समोरच्या अनोळखी बाईला "तुमचे लेकरं किती?" असं विचारायची आणि मी खिडकीबाहेर बघायचे. कुणी हसेल, कुणी काही बोलेल, ताई उलट उत्तर देईल, आणि ते बोलणं प्राचार्यांच्या खोलीपर्यंत जाईल. तक्रार कुठूनही येऊ शकत होती.

पहिल्याच आठवड्यात मी तिला बजावलं, "वर्गात बोलायचं नाही."

"काऊन?"

"सर-मॅडम रागावतात."

हे खोटं होतं. कुणीच रागावलं नव्हतं. पण ताईने ते खरं मानलं आणि दोन महिने ती वर्गात तोंडावर ओढणी धरून बसली. समाजशास्त्राच्या मॅडमनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या बहिणीला बोलता येत नाही का?" मी म्हटलं, "फार नाही येत." हेही खोटंच.

शेवटी ताईने स्वतःच तोंड उघडलं. मॅडम शेतीतल्या श्रमाबद्दल शिकवत होत्या आणि ताईने हात वर केला. मी बाकाखालून तिचा पाय दाबला. तिने पाय काढून घेतला. "मॅडम, मी आईसंग रोवण्याले जातो," ती म्हणाली, म्हणजे भाताच्या लावणीला. मागच्या बाकांवर मुली हसल्या. एक जण हिंदीत काहीतरी पुटपुटली. मॅडम थांबल्या, हसू विरेपर्यंत थांबल्या, आणि म्हणाल्या, "मग तूच सांग. मी रोवण्याला कधी गेलेली नाही." ताई पाच मिनिटं बोलली. ती काय बोलली ते मला आजही सांगता येणार नाही, कारण मी दाराकडे बघत होते, बाहेर कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

त्यानंतर मॅडम तिला वाचनालयात बसवून धडे तोंडी समजावू लागल्या. परीक्षेसाठी अकरावीतली एक शांत मुलगी लेखनिक म्हणून त्यांनीच शोधली. परवानगीचं पत्र आणलं. ते ऑफिसात जमा केलं.

समाजशास्त्राचा पेपर एप्रिलात होता. उकाड्यामुळे सगळी दारं उघडी होती. अरुंद व्हरांड्याच्या पलीकडे, अगदी माझ्या समोरच्या खोलीत, ताई आणि ती मुलगी बसल्या होत्या. ताई हळू आवाजात सांगायची, मुलगी लिहायची. दीड तास बरा गेला.

मग फाटकात जीप थांबली. "भरारी पथक," कुणीतरी कुजबुजलं. सगळा वर्ग एकदम ताठ झाला. खिडकीतून एक चिठ्ठी बाहेर गेली. दोन पुरुष आणि एक बाई व्हरांड्यातून आले आणि आमच्याकडे न येता समोरच्या खोलीत शिरले.

"एका पेपरवर दोघी कशा? ही कोण?"

"लेखनिक आहे सर," तिथल्या पर्यवेक्षिका म्हणाल्या.

"परवानगीचं पत्र दाखवा."

शिपाई धावत ऑफिसात गेला आणि तसाच परत आला. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कारकून बाबूंकडे होती आणि बाबू पोस्टात गेले होते.

"म्हणजे पत्र नाही. पेपर काढून घ्या. दोघींवर कॉपी केस करा."

अकरावीतली ती मुलगी रडायला लागली. माझा पेन थांबला. कॉपी केस म्हणजे तक्रार नव्हे, त्याहून मोठं काहीतरी. ताईच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती, आणि पिशवी दाराशी, माझ्यापासून चार पावलांवर. उठायचं, "मॅडम, मी तिची बहीण" म्हणायचं आणि कागद न्यायचा. एवढंच होतं. पण मी जागेवरच बसून राहिले. मी उठले तर मलाही धरतील, माझाही पेपर जाईल, दोघीही घरी बसू, असं काय काय डोक्यात येत होतं. मान खाली घालून मी प्रश्नपत्रिकेतला एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

तेवढ्यात ताईचा आवाज आला. भ्यालेला होता, पण मोठा. "तिले काऊन रडवता? मी सांगतो, ते लिहिते. मले लवकर लिहिता नाई येत."

मग पथकातल्या बाईंनी उत्तरपत्रिका उचलली असावी, कारण त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'बाया चिखलात उभ्या राहतात. मालक बांधावर राहते. बाया गाणे म्हणतात म्हणून मालकाले वाटते, खूश आहेत. त्या खूश नाही राहत. गाणं नाही म्हटलं त पाठ जास्त दुखते.'"

त्या थांबल्या. "हे तू सांगितलंस?"

"हाव."

"पुढे काय सांगणार होतीस?"

"पुढे मजुरीचं. मानसाले जास्त भेटते, बाईले कमी. पाठ त दोघाचीबी दुखते."

बाई आपल्या सोबत्याला म्हणाल्या, "सर, हे कोणत्या गाईडातून उतरवलेलं वाटतं तुम्हाला?"

अखेर बाबू आले, कपाट उघडलं, पत्र मिळालं. गेलेला वेळ ताईला वाढवून मिळाला. तरी जाताना त्या साहेबांनी रजिस्टरमध्ये, पत्र वेळेवर दाखवलं नाही, असा शेरा लिहिलाच.

संध्याकाळच्या गाडीत ताईने विचारलं, "तू काऊन नाई आली? तुले आयकू येत होतं ना?"

"माहा पेपर होता."

"माहाबी पेपरच होता," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगितलं. मी तेव्हाच तिला झेरॉक्सचं सांगून टाकलं. "भेव वाटलं?" तिने विचारलं. मी मान हलवली. "मलेबी वाटलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. समोर तो शेरा होता. "शेवटी तक्रार आलीच," ते म्हणाले. या वेळी मात्र मी बोलले, आवाज फाटत होता तरी: "सर, पत्र ऑफिसात होतं. ताईची चूक काय?" मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, पुढच्या पेपरपासून पत्र लेखनिकाच्या हातातच राहील. प्राचार्य थोडा वेळ कागद चाळत बसले. मग "जा" म्हणाले. ताई कॉलेजात राहिली.

त्या वर्षी ती समाजशास्त्रात आणि मराठीत पास झाली. इंग्रजी राहिलं, आणि शेवटपर्यंत राहिलंच. पदवी तिला मिळाली नाही. माझी पदवी झाली, मी बी.एड.ला भंडाऱ्याला गेले, तरी ती आणखी दोन वर्षं त्याच कॉलेजात जात राहिली. एकटी. तिरोड्याला तोवर वीज प्रकल्पाचं काम सुरू झालं होतं आणि गाडीत परक्या माणसांची गर्दी वाढली होती. रोज सहा वाजता मी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावायचे. पोचली का, एवढंच विचारायचे. पोचलेली असायची. तरी दुसऱ्या दिवशी साडेपाचपासूनच माझा जीव पुन्हा टांगणीला लागलेला असे.