खुर्चीत बसून तपासलेलं पोट

नळदुर्गच्या या डॉक्टरांना साक्षीला नेणं वकिलाला परवडत नाही. कुठल्याही प्रश्नावर ते "थांबा, आठवू द्या" म्हणतात आणि खरंच आठवतात.

धाराशिवच्या ग्राहक आयोगापुढं मी माकणीच्या एका बाईची तक्रार चालवत होतो. अपेंडिक्स फुटून तिचा नवरा गेला होता. आधी दाखवलं त्या डॉक्टरनं पोटाला हातही न लावता पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं होतं. नळदुर्गचे डॉक्टर माझे तज्ज्ञ साक्षीदार.

समोरच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "तुमचं निदान कधी चुकलंच नाही?"

"थांबा, आठवू द्या." त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "दोनदा चुकलं. दोन्ही वेळा अपेंडिक्सच."

मी कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुम्हीही निष्काळजी?" समोरच्या वकिलांनी लगेच पकडलं.

"एकदा पोट नीट तपासलं, तरी चुकलो. ती चूक, कुणाचीबी होते. दुसऱ्यांदा गर्दी होती, खुर्चीतनं उठलोच न्हाय. तो निष्काळजीपणा. माझ्यावर केस झाली न्हाय, एवढंच."

आयोगानं निकालात नेमका हाच फरक धरला आणि तक्रार मंजूर केली. बाई रडली. गावातल्या बाकी डॉक्टरांनी मात्र यांच्याशी बोलणं टाकलं.

आता पेशंटही तुटतील, या धास्तीनं मी त्यांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर समोरच्या पक्षाचे तेच वकील आईला घेऊन बसले होते. मला बघून ओशाळले.

"आईचं पोट दुखतंय," ते म्हणाले. "म्हटलं, हे चुकले तर सांगतील तरी."