साडूंच्या पायांची नोकरी

आमच्या साडूंच्या पायांना निवृत्ती ठाऊक नाही. तीस वर्षं न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर हाकून साडू पनवेलला घरी बसले, पण पाय अजून कामावर आहेत. मालिकेत सासू-सुना भांडू लागल्या की त्यांचा उजवा पाय सोफ्यासमोरच्या सतरंजीवर ब्रेक दाबतो. गॅलरीखालून एखादा टेम्पो कण्हत चालला, तर हातातला घास थांबवून ते म्हणतात, "अरे दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात," आणि त्यानं गिअर टाकल्याचा आवाज येईपर्यंत जेवण पुढं सरकत नाही. लग्नात ते नवरानवरीकडे पाठ करून बसतात, कारण पार्किंग त्या बाजूला असतं.

अशा माणसाचा नेमका उजवा गुडघा रुसला. दर रविवारी ते अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, गाडीनं उरणला तिच्या आईकडे नेतात. म्हातारीला हल्ली बाकीचे वार कळत नाहीत, रविवार तेवढा कळतो. पण जाता-येता अ‍ॅक्सिलरेटर दाबून साडूंचा गुडघा असा सुजायचा, की सोमवारी जिना उतरवेना. शेवटी अक्कानं निकाल दिला, "या रविवारी दुखला तर गाडी विकायची. आईला फोनवर बघू." साडू त्या दिवशी जेवले नाहीत. खालून टेम्पो गेला, तरी काही बोलले नाहीत.

तेव्हा मला त्यांच्या स्टिअरिंगवरचं क्रूझ कंट्रोलचं बटण आठवलं. दोन वर्षांत साडूंनी त्याला बोट लावलं नव्हतं. मी पुस्तिका उघडली आणि थाटात व्याख्यान दिलं. "भाऊ, बटण स्वतः काहीच करत नाही. ते आतल्या कॉम्प्युटरला निरोप देतं, आत्ता साठ आहे, साठच ठेव. मग चढ आला की तो पेट्रोल वाढवतो, उतार आला की कमी करतो. तुम्ही पाय काढून घ्यायचा. ब्रेकला पाय लागला की तो काम सोडतो. दुसरं बटण दाबलं की जुना वेग आठवून पुन्हा तिथंच जातो. गाडी बंद केली की मात्र सगळं विसरतो." पुढं आणखी एक ओळ होती, पण अक्षर बारीक होतं आणि चष्मा घरी.

"म्हंजे गाडी तो चालवनार," साडू म्हणाले, "आनि आमी काय टिकीट काढून बसायचं?"

रविवारी सकाळी उरणच्या रस्त्याला लागलो. अक्का पुढं, मी मागं. काटा साठवर आला, साडूंनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. त्यांनी उजवा पाय असा हलकेच उचलला, जणू खाली मूल झोपलंय. आणि दिवा विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा विझला. असं सात वेळा.

"पाव्हणं, तुमच्या कॉम्प्युटरला आमचा निरोप काय पोचत नाय," साडू म्हणाले, आणि उजवा पाय परत कामाला लागला. जासईजवळ ते गुडघा चोळू लागले. अक्कानं ते पाहिलं. मग तिची नजर आणखी खाली गेली.

"अवो, तुमचा डावा पाय कुठं हाय?"

"क्लचवर. आनि कुठं असनार?"

हीच ती बारीक अक्षरातली ओळ. क्लच जरासा दबला, तरी कॉम्प्युटर काम सोडतो. बंदराच्या गेटासमोर ट्रेलरच्या रांगेत फूटफूट सरकताना तो पाय तिथं जो बसला, तो उठलाच नव्हता.

"झोपेतपन लाथा घालतो," अक्का मान वळवून मला म्हणाली. "मना वाटायचं, सपान पडतंय."

साडूंनी पाय बाजूला घेतला. दोन मिनिटांत तो आपसूक परत गेला. पुन्हा घेतला, पुन्हा गेला. तेव्हा अक्कानं त्यांच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि ठेवूनच दिला.

आता दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. दोन्ही पाय मोकळे झालेले साडू काही वेळ अवघडून बसले, मग हळूहळू सैल झाले. रस्ता रिकामा होता. गाडी एकसुरात गुणगुणत चालली होती. बाजूनं खारफुटी सरकत होती, तिच्यामागं चकाकतं पाणी, पाण्यात बगळे.

"हितं खाडी हाय?" साडूंनी हळूच विचारलं.

"पयल्यापासून हाय," अक्का म्हणाली.

सासूबाईंच्या दारात गाडी थांबली. साडूंनी उजवा गुडघा वाकवला, सरळ केला. "नाय दुखत." अक्का हसली, पण उतरली नाही. तिचा हात होता तिथंच होता. ओट्यावर म्हातारी डोळ्यांवर आडवा पंजा धरून बघत होती.

"उतरा की," मी म्हटलं.

"बसा जरा, पाव्हणं," साडू म्हणाले. "चावी काढली की तो साठ इसरनार."