पूनमने न झेललेला गुंडा

मंडळी, दाराची कडी कधी वाजते याची वाट बघत बसलेय, म्हणून लिहितेय.

आज पाचवीच्या वर्गात अहिंसेचा खेळ घेतला. सगळ्यांनी गोल बसायचं. लोकरीचा गुंडा हातात आला की एखाद्याबद्दल चांगलं बोलायचं आणि धागा धरून ठेवून गुंडा त्याच्याकडे टाकायचा. बघता बघता मधे छान जाळं झालं. फक्त पूनमच्या हातात धागा नव्हता.

"हिच्याकडे कोणीच का नाही टाकला?" मी विचारलं.

"आमी तिला मारत न्हाई, बाई," ओंकार अगदी शांतपणे म्हणाला. "फकस्त बोलत न्हाई. घरी सांगितलंय."

पूनमच्या बहिणीने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून गावाने ते घर वाळीत टाकलंय, हे मला तेव्हा कळलं. नेवाशाजवळच्या या गावात येऊन मला दोनच महिने झालेत.

रागाने मी गुंडा घेतला आणि स्वतःच तिच्याकडे टाकला. तिने झेलला नाही. हात मागे लपवले.

"नगा बाई," ती पुटपुटली. "तुमच्यासंगंबी बोलणार न्हाईत."

पोरीचं बोलणं मी हसण्यावारी नेलं.

ओंकारची आई रोज दिवेलागणीला माझ्या खोलीवर दूध घालते, घटकाभर बोलत बसते. मघाशी खिडकीतून दिसली. मी हाक मारली. किटली घेऊन ती मान खाली घालून तशीच पुढे गेली.

उद्या वर्ग पुन्हा गोल बसवणार आहे. माझ्याकडे तरी कोणी गुंडा टाकेल का?