काळी पाच, काळी तीन

लोहाऱ्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेची गाणी ठरवायचं काम एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. शनिवारी दुपारची जेवणं उरकली की मी वही घेऊन बसते. गीताचा क्रमांक, गाणं कोण काढणार आणि पेटीची पट्टी, असे तीन रकाने. पानाचा फोटो पेटी वाजवणाऱ्या मामांना पाठवला की काम संपलं. माझी नोकरी लसीकरणाची, यादीशिवाय मला सुचत नाही. दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा मीच असायचे. माझ्याइतकं सुरात गाणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली. ती भाकरी थापताना गायची. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हणाले, "गळा चांगला आहे, पण श्वास कुठं घ्यायचा ते शीक." शिकवलंही मीच. गीतांच्या पुस्तकातली तीसेक गाणी तिच्याकडून बसवून घेतली. दीडेक वर्षात ती स्वतःची गाणी करू लागली. पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवायचा, गायचं आणि व्हिडिओ टाकायचा. विहिरीवर येशूनं जिच्याकडे पाणी मागितलं त्या शोमरोनी बाईचं गाणं तिनं केलं, त्याची चाल आमच्याकडच्या बाया खुरपताना म्हणतात तशी होती. ते गाणं गावोगाव गेलं.

लस टोचून घ्यायला लेकरं घेऊन येणाऱ्या बाया मला विचारू लागल्या, "सिस्टर, मोबाइलमधी गाती ती तुमची कोन?"

"जाऊ."

"लई गोड गळा हाय! तुमी बी गाता व्हय?"

तुमी बी. त्या दिवशी मी दोन लेकरांची नावं चुकीच्या ओळीत लिहिली. माझ्याकडून असं कधी होत नाही.

तिचं गाणं किती जणांनी बघितलं ते मी दिवसातून तीनदा उघडून बघायचे. आकडा वाढलेला दिसला की तिच्या हातच्या भाजीत मीठ जास्त आहे असं वाटायचं. ते नसायचं.

मंडळीचा वर्धापनदिन आला. पाळकसाहेब म्हणाले, "अक्का, मुख्य गाणं धाकटीला द्या. सोलापूरहून रेकॉर्डिंगवाले येणार आहेत." वर्धापनदिनाचं मुख्य गाणं तोवर दरवर्षी मीच काढत होते. मी मान हलवली, वहीत तिचं नाव लिहिलं. तिसऱ्या रकान्यापाशी थांबले. तिची पट्टी काळी पाच. त्या पट्टीत अंतऱ्याला तिचा आवाज असा वर चढतो की दुसऱ्या कुणाची तिथं पोचायची टाप नाही. मी काळी तीन लिहिली. एवढ्या खाली गाण्याची सुरुवात तिच्या घशातच राहणार, हे मला पक्कं माहीत होतं. कुणी विचारलंच, तर "सगळ्यांना म्हणता यावं म्हणून" हे उत्तरही तयार ठेवलं होतं.

झालंही तसंच. मामांनी पेटी धरली आणि तिच्या पहिल्या दोन ओळी पुढच्या बाकावरही नीट ऐकू आल्या नाहीत. मी मांडीवरच्या वहीकडे बघत बसले. मग अंतरा आला. गाणं तिच्या पट्टीत असताना आमच्या म्हाताऱ्या नुसते ओठ हलवायच्या. आता गाणं त्यांच्या आवाक्यात आलं होतं. माझ्या मागून एकीचा घोगरा आवाज उठला, मग तिघींचा, मग सतरंजीवरच्या सगळ्यांचा. तिसऱ्या अंतऱ्याला धाकटी गायची थांबली आणि फक्त टाळी धरून उभी राहिली. सगळी मंडळी गात होती. सवयीनं माझंही तोंड उघडलं होतं.

तेच रेकॉर्डिंग सगळीकडे गेलं. जालना, नगर, पुणे, तिला बोलावणी येऊ लागली. ही एकटी गात नाही, सगळ्यांना गायला लावते, असं तिचं नाव झालं. धाराशिवच्या एका सभेत तिनं माइकवर सांगितलं, "ही पट्टी आमच्या मोठ्या जाऊबाईंनी ठरवली." लोकांनी वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. इतकं अवघडल्यासारखं मला आयुष्यात झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी सांगून टाकलं. "ती पट्टी मी मुद्दाम लिहिली होती. तुझा आवाज बसावा म्हणून."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय, अक्का. मामांनी तवाच इचारलं, वर घेऊ का म्हनून. म्या म्हनलं, अक्कांनी लिवलंय तेच धरा."

"का?"

"म्हनलं, एकदा घसरले तर तुमचा राग तरी जाईल." मग ती हसायलाच लागली. "राग बी गेला न्हाय, अन् मी बी घसरले न्हाय!"

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

यंदा नाताळात ती घरी आहे. स्वयंपाकघरातूनच मला म्हणाली, "पयलं गाणं तुमीच काढा, अक्का. मी मागं हुबी राहते." मला ते गाणं हवं होतं. तिनं दिलेलं नको होतं. एका ओळीसाठी मी दुपारभर वही उघडी ठेवून बसले. आधी माझं नाव लिहिलं, ते खोडून तिचं लिहिलं आणि फोटो पाठवून दिला.

मामांचा फोन आला. "अक्का, पट्टी लिवायची राहिली."

"तिलाच विचारा."

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "ती म्हनती, अक्का म्हनतील ती."

"काळी पाच," मी म्हणाले.

मामांनी खात्री करून घेतली. "पक्कं?"

"पक्कं. तिची तीच पट्टी आहे."

नाताळच्या दिवशी तिचा आवाज अंतऱ्याला वर जाईल तेव्हा मी दुसऱ्या ओळीत उभी असेन. मला ते अजिबात आवडणार नाही.