रुमालाखालची करंगळी

बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली घेणारा विकणाऱ्याची बोटं धरतो. तीन धरली की तीन, चार धरली की चार. बोट म्हणजे हजार की दहा हजार, ते जनावराकडे बघून दोघांना कळतंच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव ठाऊक असतो दोघांनाच. मी शाळा चौथीत सोडली आणि पुढचं सगळं रुमालाखाली शिकलो. नाशिकमध्ये दोन मजली घर उभं केलं ते याच हातावर, कुणाच्या उपकारावर नाही. त्यामुळे माझ्या बोटांची चूक झाली असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तसं एकदाच कुणी म्हटलं, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ होता.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चांदवडकडच्या एका बाजारात तो त्याची डांगी बैलांची जोडी विकत होता आणि मी माझ्या गिऱ्हाइकासाठी घेत होतो. रुमालाखाली मी त्याची तीन बोटं धरली. करंगळी बाहेर सोडली. त्याने मान हलवली, सौदा झाला, कासरा गिऱ्हाइकाच्या हातात गेला. मग पैसे मोजताना आकडा उघड बोलायची वेळ आली तेव्हा हा म्हणाला, चार.

"तीन," मी म्हणालो.

"दाजी, चार धरली तुम्ही. माझी करंगळी तुमच्या मुठीत व्हती."

"नव्हती."

"मग काय गावाला गेली व्हती ती?"

लोक हसले. मी रुमाल त्याच्या तोंडावर फेकला आणि त्याच्याच गावच्या लोकांसमोर त्याला लबाड म्हणालो. सौदा मोडला. त्याचबरोबर बायकोचं माहेरही मोडलं. मी तिला जाऊ नको असं कधी म्हणालो नाही. एवढंच म्हणालो की ज्याला मी लबाड म्हणालोय त्याच्या घरी जायचं तर खुशाल जा. ती गेली नाही. तिकडूनही कुणी आलं नाही.

गेल्या वर्षी तिला फोन आला. भावाचा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला होता. उजव्या हाताचं एक बोट मुळापासून तुटलं. मी पहिला प्रश्न विचारला तो असा: कोणतं?

तिने फोन खाली ठेवला. "तेच," म्हणाली.

जखम भरल्यावर एक दिवस तिने सांगून टाकलं की मी जाणार. सोडायचं तर सोडा, नाहीतर एसटी आहे. मी गाडी काढली. पिंपळगाव मागे पडलं. बोट गमावलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही असं मी ठरवलं होतं. ते त्याच्या ओट्यावर बसेपर्यंत टिकलं.

ऐन दुपार होती. त्याच्या बायकोने पाणी दिलं. तो बाजेवर बसला होता, उजवा हात मांडीवर उघडा. करंगळीच्या जागी गुळगुळीत, गुलाबी कातडी. थोडा वेळ पावसाचं, कांद्याचं बोलणं झालं. मग तोच म्हणाला, "ज्याच्यावरून भांडलो तेच गेलं, दाजी. आता साक्षीदार नाय."

"साक्षीदार लागतो कशाला? मला स्वच्छ आठवतंय. तीनच होती. तुझ्या तिसऱ्या बोटातलं तांब्याचं वेढं माझ्या तळहाताला टोचत होतं, तेसुद्धा आठवतंय."

त्याची बायको दारात थांबली. "वेढं?" ती म्हणाली. "ते तर मी आणलं, दाजी. तुमचं भांडण झाल्यावर दोन वर्षांनी. यांचा हात दुखायचा म्हणून."

मी तिला सांगितलं की तुझीच चूक होत असेल. पण बोलता बोलताच मला कळलं की ते वेढं मी कुठल्याशा लग्नात लांबून पाहिलं होतं. लांबून पाहिलेलं वेढं हाताला टोचलं कधी? नऊ वर्षं मी तो क्षण रोज काढून बघत होतो, घासत होतो, आणि दर वर्षी तो जास्त स्वच्छ होत गेला होता. त्याचंच मला बळ वाटायचं. जनावराचे दात कानशीने घासून त्याला तरुण करणारे व्यापारी मी पाहिलेत. त्यांना मी हातोहात पकडतो.

"धरून बघा," मेव्हणा म्हणाला. "त्या दिवशी धरली तशी."

"आता काय धरायचं? तीनच उरलीत."

"म्हणूनच म्हणतोय."

त्याने खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला. मी त्याची बोटं धरली, तर्जनी, मधलं, अनामिका. अंगठा मोजत नाहीत. आणि माझ्या मुठीच्या खालच्या बाजूला, जिथे काहीच असायला नको, तिथे चौथं बोट होतं. बारीक, कोमट, किंचित वाकलेलं. मी दाब दिला तसं तेही दबलं.

मेव्हणा हळू आवाजात म्हणाला, "चार."

मी टॉवेल उडवला. मुठीत तीन बोटं, आणि ती गुलाबी कातडी माझ्या हातापासून चांगली अंगठाभर लांब. टॉवेल पुन्हा टाकला. पुन्हा चार. मी डोळे मिटले, उघडले, हात सैल केला, घट्ट केला. तीनदा केलं. उजेडात तीन, टॉवेलखाली चार.

"मला ते रोज असतं," तो म्हणाला. "खाज सुटते, गार लागतं. डॉक्टर म्हणला असं व्हतं लोकांना. पण माझं बोट तुम्हाला कसं लागलं?"

मी बोटं सोडली नाहीत. मी व्यापारी आहे, कारण शोधल्याशिवाय उठत नाही. कारण सापडलंही. मूठ वळली की माझी स्वतःची करंगळी माझ्याच तळहातात येते. झाकलेल्या हाताला ती परकी वाटत असेल. म्हणजे त्या दिवशी बाजारातही माझी करंगळी त्याच्या करंगळीला चाटून गेली असेल, त्याला धरल्यासारखं वाटलं असेल. दोघंही खरं बोलत असू.

मी हे त्याला सांगितलं. त्याने नीट ऐकलं.

"आणि आज? आज माझ्याकडं बोटच नाय, तर मला धरल्यासारखं कशाला वाटलं?"

  माझ्या हाताला लागलं ते माझं बोट होतं की त्याचं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही, आणि ज्या हाताला हे सांगता येत नाही त्या हाताच्या शब्दावर मी नऊ वर्षं एका माणसाला लबाड म्हणत आलो. मला माहीत आहे, असं मी म्हणायचो. काय माहीत होतं? एवढंच की मला तसं वाटत होतं आणि जोरात वाटत होतं. त्यालाही तितक्याच जोरात वाटत होतं. आमच्या दोन वाटण्यांच्या मध्ये खरी करंगळी कुठे होती, ते बघायला रुमालाखाली तिसरं कुणी नव्हतं.

माझी बायको आतून चहा घेऊन आली. आमचे हात अजून टॉवेलखालीच होते. तिने आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मिटलं का?" म्हणाली.

मेव्हणा माझ्याकडे वळला. मी बोलायची वाट बघत होता. माझं चुकलं हे शब्द तोंडापर्यंत आले होते, पण ते खोटे झाले असते. चुकलं की नाही हेच तर कळत नव्हतं. आणि तीन होती असंही आता म्हणवेना.

"हा लबाड नाही," मी म्हणालो. "तेवढं मी मागे घेतो. बोटांचं मला माहीत नाही."

तिने कप खाली ठेवले. सौदा तिला पटला की नाही ते चेहऱ्यावर दिसलं नाही. "मग मी राहते आठ दिवस," म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती. मी मान हलवली.

मेव्हण्याने डाव्या हाताने कप उचलला. उजवा त्याने अजून काढून घेतला नव्हता, आणि माझ्या मुठीत काहीतरी बारीक, कोमट हळूच सरळ झालं.